ई. कोलाय या बॅक्टेरियाचं रेक-ए प्रोटीन घालून मानवी पेशीत जीन टार्गेटिंग वाढवता येतं का? सोलापुरात एमएस्सीच्या प्रोजेक्टला जमेल का?

वाढतं, पण थोडंच. आणि जेवढा खटाटोप लागतो तेवढं तर नाहीच. मी पुण्यात काही वर्षं सेल कल्चर केलंय आणि आता इथंच सोलापुरात शिकवते, त्यामुळं दोन्ही बाजू सांगते.

जीन टार्गेटिंग म्हणजे बाहेरून दिलेला डीएनए जीनोममध्ये हव्या त्याच जागी बसवणं. त्यात अडचण काय आहे ते आधी बघा. मॅमेलियन (सस्तन प्राण्यांच्या) पेशीला बाहेरून डीएनए दिला की ती तो कुठंही चिकटवते, हजारभर वेळा भलतीकडं तेव्हा एखाद्या वेळी आपल्याला हव्या त्या जागी. २००७ चं नोबेल केपेची, स्मिथीज आणि इव्हान्स यांना मिळालं ते उंदरांत हे जमवून दाखवल्याबद्दल. पण त्या पद्धतीत डीएनएच्या दोन्ही टोकांना काही हजार बेसचे जुळणारे तुकडे लावायचे, मग जी-४१८ हे अँटिबायोटिक घालून नको त्या पेशी मारायच्या, आठवडा-दहा दिवसांनी प्लेटच्या तळाशी पांढुरके ठिपके दिसायला लागले की मायक्रोस्कोपखाली टिपनं एकेक उचलून ९६ खणांच्या प्लेटमध्ये टाकायचा आणि एवढं करून सदर्न ब्लॉट या डीएनए तपासणीत बहुतेक भलतेच निघायचे. याउलट ई. कोलायमध्ये लॅम्डा फाज या बॅक्टेरियावर जगणाऱ्या व्हायरसची रेड प्रोटीन्स असली की पन्नासेक बेस जुळले तरी काम होतं. साहजिकच लोकांना वाटलं, बॅक्टेरियाकडची यंत्रणाच उचलून आपल्या पेशीत घालू या.

रेक-ए सुट्या, एकेरी धाग्याच्या डीएनएवर एकामागं एक चढत जातं, एका रेणूमागं तीन बेस, आणि तसंच जाऊन जुळणारा क्रम हुडकतं. काम भारीच आहे ते. पण ई. कोलायचा जीनोम ४६ लाख बेसचा आणि आपला ३०० कोटींच्या वर, तोही हिस्टोन प्रोटीनांवर गुंडाळलेला. आपल्या गल्लीत ओळखीचा माणूस शोधणं वेगळं आणि गड्ड्याच्या यात्रेत शोधणं वेगळं. त्यात बॅक्टेरियाला केंद्रकच नसतं, म्हणून रेक-एला केंद्रकात शिरायचं माहीतच नाही, त्याला एसव्ही-४० व्हायरसचा सात अमिनो आम्लांचा एनएलएस (केंद्रकात शिरायचा पत्ता) जोडावा लागतो. एवढं सगळं करून उंदराच्या पेशीत फार तर दहाएक पट वाढ दिसली. तंबाखूत तर गंमतच झाली, २००० साली आलेल्या कामात रेक-एमुळं डीएनएची दुरुस्ती सुधारली, सिस्टर क्रोमॅटिडची (क्रोमोसोमच्या दोन जुळ्या प्रतींची) अदलाबदल वाढली, पण जीन टार्गेटिंग हललं नाही. आणि लाखात एक पेशी होती ती दहा झाल्या, तरी तुमच्या प्रोजेक्टच्या सहा महिन्यांत त्या दहा सापडणार कशा?

खरी गाठ दुसरीकडंच होती, पेशीला त्या जागी दुरुस्ती करायची गरजच वाटत नव्हती. १९९४ च्या सुमाराला यीस्टमधल्या आय-एससीई-१ या एन्झाइमनं हव्या त्या जागी डीएनए तोडून बघितला आणि टार्गेटिंग शंभर पटींच्या वर गेलं. त्यामुळं पुढं बॅक्टेरियाची जी प्रोटीन्स खरोखर कामाला आली ती तोडणारी.

यातलं एक आपल्या भागाशी नातं सांगणारं आहे. डाळिंबावरचा तेल्या सोलापूरकराला सांगायला नको, पानावर तेलकट डाग पडतात, फळ तडकतं आणि सांगोला-मंगळवेढ्याकडं लोकांनी बागाच्या बागा उपटल्यात, केगावचं डाळिंब संशोधन केंद्र त्याच्यावरच डोकं लावून बसलंय. तो तेल्या करतो झँथोमोनास. त्याच्याच कुळातले मिरचीवरचे आणि भातावरचे बॅक्टेरिया झाडाच्या पेशीत टेल नावाची प्रोटीन्स टोचतात (डाळिंबावरच्याचं सांगत नाहीये, गोंधळ नको). त्यात साधारण ३४ अमिनो आम्लांचा तुकडा परत परत येतो आणि १२ व्या-१३ व्या जागी काय आहे त्यावर तो कुठला बेस धरणार ते ठरतं, २००९ मध्ये हा कोड उलगडला. आणि बघा, टेल मुळातच दुसऱ्याच्या केंद्रकात घुसण्यासाठी घडलंय, एनएलएस त्याचा स्वतःचाच असतो. त्याला फ्लेव्होबॅक्टेरियमच्या फॉक-१ या एन्झाइमची डीएनए तोडणारी बाजू जोडली की झालं टॅलेन. मग स्ट्रेप्टोकोकसचं कॅस-९ हे डीएनए तोडणारं प्रोटीन आलं. २०१३ पासून ते मानवी पेशीत वापरायला लागले आणि टॅलेन जरा मागं पडलं, कारण जागा बदलायची तर फक्त गाइड आरएनए (कॅस-९ ला जागा दाखवणारा तुकडा) बदलायचा.

पण तोडून दिलं तरी जोडणारी पेशीच. ती बहुतेक वेळा टोकं घाईघाईत चिकटवते, तुमचा तुकडा बसतोच असं नाही. म्हणून रेक-एच्या मूळ कल्पनेत आता परत जीव आलाय. २०२१-२२ मध्ये स्टॅनफर्डच्या गटानं ई. कोलायमधल्या प्रोफाजचं (जीनोममध्ये बसून राहिलेल्या फाजचं) रेक-टी हे प्रोटीन कॅस-९ च्या जागेवर खेचून आणलं आणि मोठे तुकडे बसवणं सुधारलं, पुढं तर डीएनए न तोडणाऱ्या कॅस-९ बरोबरसुद्धा. मी तुमच्या जागी असते तर रेक-ए सोडून हेच धरलं असतं.

मोजायला निळ्याचं हिरवं करा. बीएफपी (निळं चमकणारं प्रोटीन) असलेल्या पेशी घ्यायच्या, त्याच्या ६६ व्या जागच्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाचा टायरोसिन करणारा डीएनए द्यायचा, की ते हिरवं चमकतं. हिरवी पेशी म्हणजे तुकडा बसला, विझलेली म्हणजे तुटलं पण वेडंवाकडं जोडलं, निळी म्हणजे काहीच झालं नाही. कॉलन्या उचलायची भानगडच नाही. रेक-टी नसलेला कंट्रोल मात्र ठेवाच, नाहीतर व्हायव्हाला पहिला प्रश्न तोच येणार.

राहिलं सोलापूरचं. गाइड आरएनए आणि डोनर (बसवायचा डीएनए) डिझाइन करणं, क्लोनिंग, प्लास्मिड काढणं इथं होतंय की. पेशींना मात्र ३७ डिग्री, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि न जाणारी लाइट लागते, शिवाय रंगावरून पेशी मोजणारं फ्लो सायटोमीटर, ते पुण्यात कुणाच्या तरी लॅबमध्ये महिना-दीड महिना मागून करा. आणि कॉलेजच्या बायोसेफ्टी कमिटीची परवानगी सिनॉप्सिस देतानाच टाका. कमिटीच नसेल तर तुमच्या प्रोजेक्ट गाइडना आत्ताच विचारा, यजमान लॅबच्या कमिटीतून अर्ज जातो का ते.