शेठजींना सांगितलंस का?

मावशी, नमस्कार.

वय ३१, मेकॅनिकल इंजिनियर. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात सात वर्षं मेंटेनन्स पाहत होतो. जूनमध्ये आमची अख्खी शिफ्ट कमी केली. तेव्हापासून पर्सनल ब्रँड उभा करतोय. १४ हजार भरून ऑनलाइन कोर्स केला, ऑक्टोबर हीटमध्ये झिरो माइल मेट्रो स्टेशनसमोर ब्लेझर घालून फोटो काढले. लिंक्डइनवर रोज सकाळी सातला पोस्ट टाकतो, ४,१०० कनेक्शन झालेत. 'ओपन टू वर्क', म्हणजे काम शोधतोय ही खूण, फक्त रिक्रूटरना दिसेल असं ठेवलंय, कारण नातेवाईकही आहेत तिथे. मुलाखती दोनच झाल्या, पुढे काही नाही. नेटवर्किंगला आणखी वेळ द्यायला हवा, पण रविवार डाळ मिलमध्ये जातो. कळमन्याकडे मामाच्या ओळखीचे एक शेठजी आहेत, मशीन अडली की बोलावतात. मागे टुकडी (तुटकी डाळ) जास्त पडत होती, सालं काढणाऱ्या एमरी रोलचं बेअरिंग गेलेलं निघालं, बदलून दिलं. आता शेजारचे दोन मिलवालेही बोलावतात. (त्यांना मी अजून बुटीबोरीलाच आहे असं वाटतं, तेवढं बरं.) येत्या रविवारी धान्य वर चढवणाऱ्या एलेव्हेटरचा पट्टा बदलायचा आहे. बायको खंबीरपणे पाठीशी आहे, म्हणते नोकरी लागली की मगच सगळ्यांना सांगू. माझा ब्रँड कुठे कमी पडतोय?

— प्र., मानेवाडा

प्र., तुझं पत्र एकदा वाचलं आणि कंसातलं वाक्य चारदा वाचलं.

'तेवढं बरं.' काय बरं आहे रे त्यात?

जूनपासून डिसेंबरपर्यंत तू रोज सकाळी सातला जगाशी बोलतोयस. नेतृत्वावर बोलला असशील, अपयशातून काय शिकलो यावर बोलला असशील, आणि 'मला काम हवंय' हे तीन शब्द अजून कोणालाच म्हणाला नाहीस. नातेवाइकांना नाही, शेठजींना नाही, त्या ४,१०० जणांनाही नाही, कारण ते बटण तू दडवून ठेवलंस. मग ब्रँड कुठे कमी पडतोय म्हणून मला काय विचारतोस? दुकान मांडलंस आणि शटर अर्ध्यावर ठेवलंस, गिऱ्हाईक वाकून आत येईल का?

लाज वाटते, ठाऊक आहे. मला नव्वदच्या दशकात एका वर्तमानपत्राने कमी केलं होतं. चार महिने शेजारणींना पत्ता लागू दिला नाही. रोज बाराला पर्स अडकवून निघायची, बर्डीवर व्हरायटी चौकात दोन चकरा मारायची, उन्हाने डोकं तापलं की परत. शेवटी एक दिवस टायपिंगवालीपाशी रडूच आलं. जिच्याशी माझं 'किती झाले' याच्यापलीकडे कधी बोलणं नव्हतं, ती म्हणाली, अहो, माझ्याकडे एक प्रकाशक येतात, त्यांना प्रुफं तपासायला माणूस पाहिजे. पुढची तीन वर्षं त्या प्रुफांवर घर चाललं. मैत्रिणींना सांगितलं असतं तर त्यांनी पाठीवरून हात फिरवला असता. प्रकाशक त्यांच्याकडे येत नव्हता.

हे माझ्या नशिबाचं कौतुक नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं, कोणाकडून कळलं? १९७३ साली त्याने ते मांडलं. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली, त्यांच्यातल्या सहांतल्या एकालाच ती नेहमीच्या भेटीतल्या माणसाकडून कळली होती. निम्म्याहून जास्त जणांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून, आणि पावहिश्शाहून जास्त जणांना तर जो वर्षातून जेमतेम एकदा भेटायचा त्याच्याकडून. घरच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं, बातमी पलीकडच्या गल्लीत उठबस असणारा आणतो. आता तू म्हणशील, मग माझे ४,१०० काय वाईट? तर तुझ्याच लिंक्डइनवरच्या दोन कोटी लोकांचा अभ्यास २०२२ मध्ये छापून आला. ओळख थोडी सैल असेल तर कामाची, पण फारच पातळ झाली की तिचाही उपयोग ओसरतो, असं त्यात निघालं. ज्याने फक्त तुझा ब्लेझर पाहिलाय, त्याची ओळख किती पातळ म्हणायची?

आता मिलकडे ये. तू तिला 'पण रविवार जातो' म्हणून एका ओळीत उरकलंस, म्हणून मलाच तिथे थांबावं लागतंय.

बेअरिंग गेलं की रोल डोलतो, दाणा कुठे जास्त दाबला जातो, कुठे सुटतो. अख्खी डाळ व्हायची तिची टुकडी होते, चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, वाढते, आणि टुकडीला डाळीचा भाव येत नाही. शेठजींना हे रोज संध्याकाळी पोत्यांच्या हिशेबात दिसत होतं, कारण सापडत नव्हतं. ते तू शोधलंस. शेजारच्या दोघांनी तुला तुझ्या पोस्टा वाचून बोलावलं का? शेठजींनी सांगितलं म्हणून बोलावलं. ज्या ब्रँडसाठी तू १४ हजार मोजलेस तो कळमन्यात फुकट तयार झालाय, आणि तुझ्या माघारी तुझं नाव घेतोय.

आणि मिलमध्ये येतं कोण, बघ जरा. लोहा ओळीतला बेअरिंगवाला येतो. मोटर रिवाइंडिंगवाला येतो. डाळ निवडणाऱ्या सॉर्टेक्स मशीनच्या कंपनीचा सर्व्हिसवाला पोरगा येतो, कंप्रेसरवाला येतो, विजेचा ठेकेदार येतो. हीच माणसं सोमवारी हिंगण्याला असतात, मंगळवारी बुटीबोरीला. कोणत्या प्लांटचा मेंटेनन्सवाला सोडून गेला, कुठे रात्रपाळीला माणूस नाही म्हणून लाइन बंद पडते, हे जाहिरात निघायच्या आधी त्यांना कळतं, कारण घाबरून पहिला फोन त्यांनाच येतो. शेठजींनी यातल्या एकाला नुसतं 'आपला तो प्र. सध्या मोकळा आहे' म्हटलं तरी पुरे. पण शेठजी कसे म्हणणार? त्यांच्या लेखी तू मोकळा नाहीसच. एखाद्याने विचारलंही असेल आणि शेठजींनी 'नाही बाप्पा, तो मोठ्या कंपनीत आहे' म्हणून परतवलं असेल.

हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. तुझ्याही जाऊ नये.

तुझ्या बायकोला मी खंबीर म्हणणार नाही. नवऱ्याला सहा महिने तोंड मिटून ठेवायला मदत करणं, याला साथ म्हणत नाहीत. माहेरी काय सांगायचं हा तिचा प्रश्न आहे, आणि त्याची किंमत तू भरतोयस. वाईट बाई आहे असं नाही म्हणत मी. घाबरलेली आहे. पण दोन घाबरलेल्या माणसांनी एकमेकांचं ऐकत बसलं तर घरातलं धान्य संपतं. शनिवारी रात्री तिला सांग की उद्या मी शेठजींना सांगणार आहे. 'सांगू का' असं विचारू नकोस.

सकाळी सातच्या पोस्टा चालू ठेव नाहीतर बंद कर, मला त्यात रस नाही. फार तर ब्लेझरवाला फोटो तिथून हटव आणि त्या रोलपाशी उभा राहून एक काढ.

नवी तूर आता बाजारात यायला लागली आहे. पुढचे तीन महिने मिल बंद ठेवणं कोणालाच परवडत नाही, तुझी किंमत आत्ता आहे. येत्या रविवारी टूलबॉक्स उघडायच्या आधी शेठजींच्या गादीसमोर उभा राहा आणि म्हण, 'शेठजी, जूनपासून माझी नोकरी नाही. कुठे मेंटेनन्सचा माणूस हवा असेल तर माझं नाव सांगा.' बस, एवढंच. पुढे 'तसं बघायला गेलं तर' सुरू करू नकोस, मंदी आणि मॅनेजमेंट काढू नकोस. 'काऊन रे, आधी काऊन नाही सांगितलं?' असं ते म्हणतील, त्यावरही सफाई देऊ नकोस. चहा मागवतील. चहा पी, आणि मग एलेव्हेटरचा पट्टा बदलायला घे.