गाडीला ‘झेडएक्सआय प्लस’ करण्याआधी

म्हापशाच्या एका वाचकांनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मारुती डिझायर, व्हीएक्सआय, ऑगस्ट २०२१ मध्ये घेतलेली, कर्जाचे सात हप्ते बाकी. रोज म्हापसा ते वेर्णा आणि परत, म्हणजे सत्तरेक किलोमीटर. गाडीचे काहीच बिघडलेले नाही, पण तिला वरच्या प्रकारासारखे, म्हणजे झेडएक्सआय प्लससारखे, रूप द्यावे असे त्यांच्या मनात आहे. भडक काही नको. कंपनीनेच दिले असावे असे वाटणारी पंधरा इंची अलॉय चाके व टायर, एलईडी प्रोजेक्टर दिवे, टचस्क्रीन, मागचा कॅमेरा, चामड्यासारखी सीट कव्हरे, मधला आर्मरेस्ट, स्पॉयलर आणि खालच्या पट्ट्या. दुकानदाराने रंग आणि मजुरीसह १,८५,००० रुपयांचा अंदाज दिला आहे. त्यासाठी मुदत ठेव मोडावी की दुकानातूनच मिळणारे तीन वर्षांचे १३ टक्के व्याजाचे कर्ज घ्यावे, असे ते विचारतात. पत्नीचे म्हणणे, यातले काहीच करू नये.

आपण जमाखर्च तपशिलाने कळवलात याबद्दल आभार. त्यामुळे मला अंदाजावर बोलावे लागत नाही. दोघांचा मिळून हाती येणारा पगार ९०,०००, घराचा हप्ता १७,५००, गाडीचा ९,८००, घरखर्च ३१,०००, एसआयपी १०,०००. उरलेल्या २१,७०० मधून विम्याचे हप्ते, आईंची औषधे आणि सणवार वजा जाता महिन्याला ८,००० शिल्लक राहतात, असे आपण लिहिले आहे. एप्रिलमध्ये कंपनीकडून २५,००० येतात. मुदत ठेव २,२०,००० ची आहे आणि याखेरीज चटकन हाताशी येईल अशी दुसरी रक्कम नाही.

ठेवीचा प्रश्न आधी निकालात काढतो. गाडीचे कर्ज फिटल्यावरही घराचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ४८,५०० लागणार, म्हणजे सहा महिन्यांची तजवीज २,९१,००० होते. आपली ठेव आजच त्याहून ७१,००० नी कमी आहे. तिच्यातून १,८५,००० काढले तर ३५,००० उरतील, आणि एवढ्यात एक महिनाही भागणार नाही. कर्जाचा हिशेबही फारसा वेगळा नाही: १,८५,००० वर १३ टक्क्यांनी तीन वर्षे म्हणजे महिन्याला सुमारे ६,२३० चा हप्ता आणि एकूण व्याज ३९,००० च्या पुढे. हा हप्ता सुरू होताना जुन्या कर्जाचे हप्ते चालूच असतील, आणि आपली मासिक शिल्लक तर आठच हजार आहे. म्हणून या दोन्ही वाटा मी बंद समजतो. पण म्हणून आपल्या पत्नींचा ‘काहीच करू नये’ हा निष्कर्ष मला पटतो असेही नाही, कारण यादीत एक खर्च असा आहे जो आपल्याला तसाही टळणार नाही.

तो टायरांचा. गाडी ८५,००० किलोमीटर चालली आहे आणि टायर एकदाच, ३५,००० वर बदलले होते, असे आपण लिहिता. म्हणजे सध्याचे टायर ५०,००० किलोमीटर चालले आहेत. कृपया उद्या सकाळी गाडी काढण्यापूर्वी वाकून पाहा: टायरच्या खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते, आणि बाकीचा टायर झिजून त्यांच्या पातळीला आला असेल तर तो पावसाळ्यात वापरण्याजोगा नाही. जूनमध्ये झुआरी पुलावर पाण्याचा थर साचलेला असताना ब्रेक लावण्याची वेळ आली, तर स्पॉयलर काही कामी येत नाही. तेव्हा मे अखेरपर्यंत टायर बदलायचेच आहेत हे गृहीत धरू, आणि मग अलॉयचा प्रश्न वेगळा दिसू लागतो.

आपल्या गाडीला मूळ टायर १६५/८० आर १४ आहेत, म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के आणि रिम चौदा इंची. त्याच डिझायरच्या झेडएक्सआयला कंपनी १८५/६५ आर १५ देत होती. व्यास मोजून पाहा. चौदा इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर, त्यात १६५ च्या ८० टक्के, म्हणजे १३२, असे दोन्ही बाजूंचे २६४ मिळवले की ६१९.६ येतात. पंधरा इंच म्हणजे ३८१, त्यात १८५ च्या ६५ टक्क्यांप्रमाणे दोन्ही बाजूंचे २४०.५ मिळवले की ६२१.५. फरक दोन मिलिमीटरांहून कमी. त्यामुळे वेगमापक खोटे बोलत नाही, आणि डिकीतली चौदा इंची स्टेपनी पंक्चरच्या वेळी तात्पुरती चालून जाते. दुकानदाराने सुचवलेली सोळा इंची चाके, १९५/५५ च्या टायरांसह, व्यासाला जवळपास तेवढीच भरतात हे खरे, पण टायरची भिंत १३२ वरून १०७ मिलिमीटरवर येते आणि खड्ड्याचा दणका थेट रिमला बसतो. लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ होते. अलॉयला तडा गेला की बहुतेक वेळा चाकच बदलावे लागते. गोव्यातले पावसाळ्यानंतरचे रस्ते आपण रोज पाहता, मी वेगळे सांगायला नको. सोळा इंची चाकांचा विचार सोडून द्यावा, ती कंपनीने या गाडीला दिलेलीही नाहीत.

आता पैसे. चौदा इंची चार टायर १८,००० ला, पंधरा इंची २२,००० ला आणि अलॉय २८,००० ला, असे भाव आपण कळवले आहेत. वरवर पाहता हा ५०,००० चा शौक आहे. पण १८,००० आपण कोणत्याही परिस्थितीत खर्चणार आहात, आणि जुन्या रिम व झाकणांचे दुकानदार ४,००० देतो म्हणतो. तेव्हा हौसेची खरी किंमत २८,००० उरते. ती आपल्याला परवडते. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांची शिल्लक ३२,००० आणि एप्रिलचे २५,००० मिळून ५७,००० होतात, त्यातून हे काम ठेवीला हात न लावता होईल. समुद्राच्या खाऱ्या हवेत अलॉयवरचा लेप एकदा टवका उडाला की पोपडे धरू लागतो, म्हणून चाके स्वस्तातली नकली न घेता कंपनीच्या भागांच्या दुकानातून पावतीसह घ्यावीत, एवढेच सांगेन.

दिव्यांच्या बाबतीत माझा स्पष्ट नकार आहे. ४६,००० मागताहेत म्हणून नव्हे, किंवा केवळ त्यासाठी नव्हे. एलईडी प्रोजेक्टर कंपनीने झेडएक्सआय प्लसमध्ये दिले तेव्हा त्याची वायरिंग गाडी बनतानाच घातली होती. आपल्या गाडीत ती कापून जोडावी लागेल, आणि आपली वाढीव वॉरंटी ऑगस्टपर्यंत आहे. वायर कापण्याचे परिणाम मी स्वतः भोगले आहेत. काही वर्षांपूर्वी मडगावच्या एका दुकानात जुन्या गाडीला चांगला म्युझिक सिस्टीम बसवून घेतला, आणि भर जुलैत फोंड्याला एका लग्नाहून रात्री साडेअकराला निघताना बॅटरी पूर्ण उतरलेली. कुठल्या तरी जोडातून वीज झिरपत होती. वाट पाहत दोन तास उभे राहिलो, पाऊस काही थांबला नाही. आपली अडचण रात्रीच्या अंधुक उजेडाची असेल तर दिव्यांच्या पिवळट पडलेल्या काचा घासून पॉलिश करून घ्याव्यात आणि मूळ वॅटचेच चांगल्या प्रतीचे बल्ब बसवावेत; फरक आपल्याला पहिल्याच रात्री जाणवेल.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेल्या आकाराची चाके आणि बाहेरून आणलेले झगझगीत दिवे यांत तपासणी करणारा अधिकारी फरक करील, हे उघड आहे.

स्पॉयलर आणि खालच्या पट्ट्यांना रंग आणि मजुरी धरून ४२,००० जातात. या गाडीचा तळ रिकाम्या स्थितीत जमिनीपासून १६३ मिलिमीटर वर असतो. चवथीला आपण सहकुटुंब, सामानासह पेडण्याच्या मूळ घरी जाता म्हणून लिहिले आहे. त्या वाटेवरचा प्रत्येक गतिरोधक त्या पट्ट्यांची परीक्षा घेईल. यावर अधिक लिहीत नाही. सीट कव्हरे आणि आर्मरेस्ट या दोन्हींचे २०,५०० सध्या बाजूला ठेवावेत.

टचस्क्रीन आणि कॅमेरा मात्र मला मान्य आहेत, फक्त आज नव्हे. रोजचे दीड-दोन तास गाडीत जाणाऱ्या माणसाने नकाशा मांडीवरच्या फोनमध्ये पाहण्यापेक्षा समोर पाहिलेला बरा. मागचे सेन्सर आपल्या गाडीत आहेतच, कारण जुलै २०१९ पासून ते सक्तीचे झाले. कॅमेरा ही भर. दोन्ही मिळून २६,५०० होतात. ऑगस्टमध्ये शेवटचा हप्ता गेला की सप्टेंबरपासून ९,८०० मोकळे होतील. त्यातील ६,००० दरमहा आवर्ती ठेवीत घालावेत, म्हणजे वर्षभरात ७२,००० होऊन वर सांगितलेली तूट भरून निघेल. उरलेले ३,८०० गाडीच्या नावाने वेगळे ठेवावेत. मार्च २०२७ पर्यंत सात महिन्यांत २६,६०० जमतील. तोवर वॉरंटीही संपलेली असेल, आणि जोडणी कंपनीच्या तयार कपलरवर (वायरी एकमेकींत खोचायच्या जोडावर), एकही वायर न कापता करून देणारा कारागीर शोधायला आपल्याला वेळ मिळेल.

विम्याबद्दल एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. पॉलिसीत जे नोंदलेले नाही त्याची भरपाई मिळेल असे धरून चालू नये. अलॉय चोरीला गेली आणि नोंद लोखंडी रिमची असेल, तर विमा कंपनी लोखंडी रिमच धरू शकते. म्हणून चाके बसवताच पावती जोडून पॉलिसीत दुरुस्ती करून घ्यावी. टचस्क्रीनसारख्या विजेच्या उपकरणांना साधारणपणे किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता पडतो, म्हणजे समजा २२,००० च्या टचस्क्रीनवर सुमारे ८८० रुपये आणि कर. नुकसानभरपाईत टायर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, हेही ध्यानात असू द्या. आणि गाडी विकताना घेणारा नोंदणी पुस्तिकेतला प्रकार पाहतो. तिथे व्हीएक्सआयच लिहिलेले राहणार. यावर घातलेला पैसा परत येईल ही अपेक्षा कृपया हिशेबात धरू नका, तो वापरून संपणारा खर्च आहे.

गाडी विकून थेट वरचा प्रकार घ्यावा का, असेही आपण ओझरते विचारले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी उपकरासह २९ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नवी गाडी स्वस्त झाली हे खरे. पण त्याच कारणाने आपल्या जुन्या गाडीचा भावही खाली आला, आणि नवे पाच वर्षांचे कर्ज आपल्या डोक्यावर बसेल. चालती गाडी चालू द्यावी.

राहिला घरातला मतभेद. तो माझ्या अधिकारातला नाही, पण एक वस्तुस्थिती नोंदवतो. गोव्यात विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते. पगार वगळता इतर उत्पन्न प्राप्तिकरातही दोघांत निम्मे-निम्मे दाखवावे लागते, आणि आपल्या मुदत ठेवीचे व्याज आपण असेच दाखवत असाल. तेव्हा जी ठेव मोडण्याचा विचार आपण करत होता तिचा अर्धा भाग आपल्या पत्नींचा आहे, आणि गाडीही एकट्या आपली नाही. वरचा आराखडा त्यांच्यासमोर ठेवून, पहिल्या ५०,००० मधील १८,००० टायरांचे कसे अटळ आहेत ते त्यांना प्रत्यक्ष टायर दाखवून सांगावे.

टायर घेताना दुकानात घाई करू नका. टायरच्या भिंतीवर लांबट चौकटीत चार अंक असतात. २२२५ असेल तर तो २०२५ च्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. चारही टायरांवरचे अंक स्वतः वाचा, वर्षाहून जुना माल निघाला तर परत करा, आणि पावतीवर ते अंक लिहून घ्या.