माहितीपटांतील प्रवास कितपत खरा?

प्रश्न : साहसी प्रवासाचे आणि दूरच्या समाजांची ओळख करून देणारे माहितीपट मी आवडीने पाहतो. त्यांतील जीवन खरोखर तसेच असते, की कॅमेऱ्यासाठी मांडलेले असते?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. अमेरिकी चित्रपटकार रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा कॅनडाच्या अतिशीत उत्तरेकडील मूळ रहिवासी इनुइट लोकांवरील ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ हा माहितीपट १९२२ मध्ये प्रदर्शित झाला. इनुइट तेव्हा बंदुका वापरू लागले होते, तरी चित्रपटात वॉलरस या सुळे असलेल्या समुद्री प्राण्याची शिकार जुन्या पद्धतीच्या भाल्याने दाखवली गेली. बर्फाच्या घरात उजेड पुरेना म्हणून एक बाजू उघडी ठेवलेले घर बांधून घेतले गेले आणि नायकाचे खरे नाव नॅनूक नव्हे, तर अलाकारियालाक होते. घर बांधणाऱ्या हातांचे कौशल्य मात्र अस्सल होते, आणि मला तेच आजही मोलाचे वाटते.

याउलट नॉर्वेचे साहसी प्रवासी थोर हेयरडाल आणि त्यांचे पाच सहकारी १९४७ मध्ये पेरूहून बाल्सा लाकडाच्या ‘कोन-टिकी’ या तराफ्यावरून १०१ दिवसांत पॉलिनेशिया या प्रशांत महासागरातील बेटांच्या प्रदेशात पोहोचले. चित्रणही त्यांनीच केले. प्रवास खरा होता, पण पॉलिनेशियात प्रथम दक्षिण अमेरिकेतून वस्ती झाली हे त्यांचे मत संशोधकांनी स्वीकारलेले नाही. तेव्हा दृश्य आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष वेगवेगळे तपासावेत. निवेदकच सारे सांगतो आहे, की तेथील माणसे आपल्या भाषेत स्वतः बोलत आहेत, हेही अवश्य पाहावे.