मध्ययुगीन युरोपात पोपकडे मोठे सैन्य नसतानाही राजे त्याला का वचकून असत?

खरे कारण चर्चच्या रचनेत होते. गावोगावच्या पॅरिशमधील, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीतील पाद्री, त्यांच्यावर बिशप, बिशपांवर आर्चबिशप आणि सर्वांच्या वर रोमचा पोप अशी ही उतरंड होती; बाप्तिस्म्यापासून दफनापर्यंत माणसाचे सारे आयुष्य तिच्या हातून जाई आणि शेतातील उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे दहा पेंढ्यांमागे एक पेंढी, चर्चच्या कोठारात जमा करावी लागे. शिवाय लिहिता-वाचता येणारी माणसे बहुतांशी पाद्रीवर्गातच असल्यामुळे राजाचा पत्रव्यवहारही त्यांच्याच हाती असे.

या सत्तेचा कस लागला तो जर्मनीचा राजा चौथा हेन्री याच्या प्रकरणात. बिशप कोणी नेमायचे, या वादात पोप सातव्या ग्रेगरीने १०७६ मध्ये त्याला बहिष्कृत केले आणि प्रजेला त्याच्या राजनिष्ठेच्या शपथेतून मोकळे केले. आधीच कुरबुरणाऱ्या सरदारांना आयतेच निमित्त मिळाले. जानेवारी १०७७ मध्ये हेन्री भर हिवाळ्यात आल्प्स ओलांडून इटलीतील कानोसाच्या गढीपाशी आला आणि माफीसाठी तीन दिवस दाराशी अनवाणी तिष्ठत राहिला. यात पश्चात्ताप किती आणि राजकारण किती, अशी शंका मला येतेच. कारण १०८४ मध्ये त्याच हेन्रीने रोम घेतले आणि पुढच्या वर्षी ग्रेगरीला सालेर्नोत परागंदा अवस्थेत मरण आले. नेमणुकांचा वाद ११२२ मध्ये वर्म्सच्या कराराने मिटला : बिशपपदाची खूण असलेली अंगठी आणि धर्मदंड चर्चने द्यायचा, जमीनजुमल्याचे अधिकार सम्राटाने, म्हणजे जर्मनीच्या राजाने.