जेलमध्ये सुटलंच की सगळं, मग आता कसली भीती?

नशेच्या केसमध्ये आत गेलेली मुलगी जामिनावर घरी येणार असली की घरचे हमखास विचारतात, ताई, इतके महिने हात लावला नाही म्हणजे सुटलंच ना, मग आता औषध कशाला? इथे इंदूरलाच रामबागेतल्या एका काकूंनी पण हेच विचारलं होतं (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदललेत).

मुलगी तिशीच्या आतली. नवऱ्यासोबत ब्राउन शुगर (म्हणजे भेसळीचं हेरॉइन) ओढायला लागली, चांदीच्या कागदावर, आणि शेवटी दोघंही एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली, आत. सुरुवातीला तिचे खूप हाल झाले, अंग मोडून यायचं, उलट्या, जुलाब, झोप नाही, मग हळूहळू जेवायला लागली, अंगाने भरली. काकू म्हणाल्या, चेहरा कसा खुललाय बघा, आता बरी झाली माझी पोर.

मला काळजी नेमकी इथेच वाटते. रोज घेताना शरीर जेवढं सोसत असतं ती सोसायची ताकद बंद केल्यावर काही दिवसांत-आठवड्यांत उतरते, तलफ मात्र तशीच राहते, आणि बाहेर आल्यावर तीच गल्ली, तीच माणसं, वर कोर्टाच्या तारखा, मग एखाद्या दिवशी ती जुन्याच हिशोबाने घेते आणि पूर्वी सहज पचणारी पुडी आता श्वास बंद पाडू शकते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात 1999 ते 2003 मध्ये सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास झाला होता, 2007 साली छापून आला, त्यात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरायचा धोका तिथल्या बाकी लोकांच्या 129 पट निघाला. 129 पट! म्हणून म्हणते, घरी आल्यावरचे पहिले दिवसच सगळ्यात नाजूक.

काकूंचा बेत होता की आल्या आल्या खजराना गणपतीला न्यायचं आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावायची. मी म्हटलं, दर्शनाला जरूर न्या, पण शपथ नको. कारण शपथ मोडली तर ती तुम्हाला सांगणार नाही, बाथरूमची कडी लावून एकटीच घेईल, आणि एकटं असताना श्वास मंदावला तर कळणार कोणाला? बायकांच्या बाबतीत हे फार होतं. नवरा आत असला की घरचे भेटीला जातात, बाई आत गेली की तिचं नावसुद्धा काढत नाहीत, मग ती पण लपवायलाच शिकते.

जेलमधून येण्याआधीच आम्ही मानसोपचार डॉक्टरांची वेळ घेतली. त्यांनी बुप्रेनॉर्फिन सुरू केलं, जिभेखाली ठेवायची गोळी, अगदी कमी डोसपासून, आणि त्यावर दारू किंवा झोपेच्या गोळ्या बिलकुल नको असं बजावलं. काकू म्हणाल्या, ही पण नशाच की हो. नाही काकू, ही तलफ आवरते, नीट ठरलेल्या डोसमध्ये झिंग येत नाही आणि माणूस घरात कामाला लागतो. अमेरिकेतच ऱ्होड आयलंडच्या जेलांत 2016 पासून अशी औषधं द्यायला लागले आणि सुटून आलेल्यांचे ओव्हरडोसचे मृत्यू वर्षभरात 61 टक्के कमी झाले.

तिसऱ्या आठवड्यात तिने एकदा घेतलंच. पण त्याच तासात आईला सांगितलं, आणि काकूंनी आरडाओरडा न करता तिला रिक्षात घालून इमर्जन्सीत नेलं. मला काकूंचं फार कौतुक वाटतं, खरंच.

तुमच्याकडे असं कोणी येणार असेल तर हे लक्षात ठेवा: हलवूनही उठत नाही, विचित्र घोरतेय, श्वास अगदी सावकाश, ओठ निळसर, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तर लगेच 108 ला फोन करा आणि काय घेतलं ते स्पष्ट सांगा. कुशीवर वळवा, ताक-मिठाचं पाणी काही पाजू नका. हॉस्पिटलात नॅलोक्सोनचं इंजेक्शन देतात, त्याने ती पटकन शुद्धीवर येईल, पण त्याचा असर तास-दीड तासात उतरतो आणि श्वास परत मंदावू शकतो, त्यामुळे उठून बसली म्हणून लगेच घरी आणू नका. आणि जामिनाची तारीख कळली की आधीच डॉक्टरची वेळ ठरवा, कुठे जायचं कळत नसेल तर 14446 ही सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.