रॉड घातला, पण बाकीच्या हाडांचं काय?

प्रश्न : माझी आई ७२ वर्षांची आहे. ४ महिन्यांपूर्वी रात्री बाथरूमला जाताना पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून रॉड घातला, आता वॉकर धरून घरातल्या घरात फिरते. ३ वर्षांपूर्वी अंगणात घसरून मनगट मोडलं होतं, तेव्हा प्लास्टर घातलं आणि विषय संपला. डिस्चार्जच्या वेळी फक्त कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात. परत पडेल या भीतीने मी तिला उठूच देत नाही. एवढं पुरेसं आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, नाही, पुरेसं नाही. रॉडने एक हाड जोडलं गेलं, बाकीची मात्र होती तशीच ठिसूळ आहेत. उभ्या उभ्या पडून मनगट मोडलं तेव्हाच तपासणी व्हायला हवी होती, ती झाली नाही यात तुमची चूक नाही, बहुतेक घरांत असंच होतं. पण असं एक फ्रॅक्चर झालं की पुढचं व्हायची शक्यता साधारण दुप्पट होते आणि पहिली २ वर्षं सगळ्यात धोक्याची, म्हणून आता थांबू नका.

कॅल्शियम आणि डी व्हिटॅमिन हवंच, पण तो पाया झाला, औषध वेगळं. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना सरळ विचारा, "हाडं ठिसूळ झाल्याचं औषध कधी सुरू करायचं?" डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजायची तपासणी) जरूर करा, पण असा खुबा मोडला म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, आहेच असं धरतात, रिपोर्टसाठी औषध अडवून ठेवायचं कारण नाही. या औषधांपैकी एक म्हणजे झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, त्याचं सलाइनमधून वर्षातून एकदा द्यायचं इंजेक्शन असतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खुब्याच्या ऑपरेशननंतर ३ महिन्यांच्या आत ते घेतलेल्यांमध्ये नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी कमी झाली होती. तुम्हाला ४ महिने झालेत, तरी उशीर झाला असं समजू नका. आधी किडनीची तपासणी, रक्तातलं कॅल्शियम आणि डी बघतात, दातांचं काही मोठं काम असेल तर तेही आधी उरकून घ्या. नंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी होते, घाबरू नका.

इंजेक्शनऐवजी हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली तर एक पथ्य कडक पाळा : सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहासुद्धा नाही. आपल्याकडे गोळी चहाबरोबरच घेतली जाते, मग ती अंगी लागतच नाही. डी व्हिटॅमिनचं ६० हजार युनिटचं सॅशे पण डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच आठवडे, वर्षभर दर आठवड्याला नको.

आणि कृपा करून आईला बसवून ठेवू नका, तुमची भीती समजते हो, पण बसून बसून मांड्यांची ताकद गेली की माणूस जास्तच पडतो. फिजिओथेरपिस्टकडून शिकून ओट्याला धरून खुर्चीतून उठणं-बसणं करून घ्या. रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा, बाथरूममध्ये पकडायला दांडी, सरकणारी पायपुसणी उचलून टाका. झोपेची किंवा बीपीची गोळी चालू असेल तर उठल्यावर चक्कर येते का तेही डॉक्टरांना सांगा, मोतीबिंदू राहिला असेल तर करून घ्या.

तुमचं वय तुम्ही लिहिलं नाहीये, पण पाळी गेली असेल तर एकदा स्वतःचीही तपासणी करून घ्या, आईचा खुबा मोडलेला असला की मुलीलाही धोका वाढतो.