बिल्डर जागा विकतोय, म्हणून फ्लॅट विकायचा का?

जळगावातल्या पिंप्राळ्याच्या एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न आहे. फ्लॅट २००४ सालचा, सोळा बिऱ्हाडांची नोंदणीकृत सोसायटी, जमीन अजून बिल्डरच्याच नावावर. आता तो मागच्या मोकळ्या जागेसकट सगळं दुसऱ्याला विकतोय, तशी जाहीर नोटीसही पेपरात आली. सोसायटी कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे जमीन तिच्या नावावर करून घ्यायला, घरटी २०,००० मागते, आणि एक जण फ्लॅट २२ लाखांना मागतोय. एफडी मोडून पैसे भरू, की विकून मोकळा होऊ?

सर, विकू नका. निदान आत्ता तरी नाही. जमिनीचा कागद नाही हे घेणाऱ्यालाही ठाऊक असणार. अशा वेळी भाव पाडूनच मागतात. शिवाय विकून राहणार कुठे? तेवढ्याच किमतीचं दुसरं घर घेतलंत तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीतच लाखाच्या वर जातील.

१९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याप्रमाणे, करारात वेगळी मुदत नसेल तर, सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन तिच्या नावावर करून द्यायची असते. नाही दिली तर मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे आपलं डीम्ड कन्व्हेयन्स. त्यासाठी अर्ज सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे. बिल्डरला नोटीस जाते, त्याचं म्हणणं ऐकतात, पण त्याच्या सहीवाचून काही अडत नाही. आदेशानंतर दस्त नोंदवायचा आणि सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव लावून घ्यायचं.

खरी गोम मागच्या जागेत आहे. करारात आणि मंजूर नकाशात ती तुमच्याच प्लॉटमध्ये धरली असेल, तर सोसायटीने तीही मागावी. वेगळा प्लॉट दाखवला असेल, तर तिच्यावर पाणी सोडा. म्हणून आधी महापालिकेतून नकाशा काढा, वर्गणीचं नंतर.

आणि वर्गणी म्हणाल, तर सोळा घरांचे ३,२०,००० होतात. अर्जाला कोर्ट फी स्टँप लागतो २,००० चा! बाकी वकील, आर्किटेक्ट, दस्त यांचा लेखी हिशेब मागा. एखाद्याने पूर्वी फ्लॅटचं मुद्रांक शुल्क भरलं नसेल तर ते आता वर येतं. तो बोजा ज्याचा त्याने उचलावा. हिशेब पटला तर दोन हप्ते मागून पेन्शनमधून द्या. एफडीला हात नको.

नोटिशीची मुदत मात्र तुमच्यासाठी थांबणार नाही. सेक्रेटरींना गाठून या आठवड्यातच, ज्या वकिलाने नोटीस दिली त्याच्याकडे सोसायटीची लेखी हरकत स्पीड पोस्टाने पाठवा. पावती तुमच्याकडेही एक झेरॉक्स करून ठेवा.